बिडाच्या तव्याला तारेची घासणी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंबोळ्या, घावने, धिरडी यांच्या कृतींत हल्ली ‘शक्यतो बिडाचा तवा घ्या’ असे आवर्जून लिहिलेले असते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. तो तवा घासायचा कशाने, हे मात्र कुठेच येत नाही. मग मोरीत आधीपासून असलेली तारेची घासणीच त्याच्यावर चालते, घावन चिकटू लागते आणि दोष तव्याला दिला जातो.

मूळ घोटाळा रंगाचा आहे. पितळ आणि स्टील लख्ख दिसले की भांडे स्वच्छ, ही आपली सवय. बिडाचा काळेपणा मळ नव्हे. तेलाचा पातळ थर तापून कडक होतो, त्यावर दुसरा, तिसरा बसत जातो. पीठ सुटते ते या थरामुळे आणि गंज अडतो तोही याच थरामुळे. घासून काढायची ती फक्त वर चिकटलेली करप. घासताना खालचा राखाडी, चकचकीत धातू दिसू लागला, तर थर गेला असे समजून हात तिथेच थांबवावा.

रोजच्या वापराला नारळाच्या शेंडीला तोड नाही. सोडणातली, म्हणजे नारळाच्या सालातली सुकी, लांब काथ (काथ्या) मुठीत मावेल एवढी घ्यावी, मधोमध सुती दोऱ्याने घट्ट बांधावी आणि टोके कात्रीने सारखी करावीत. धागा ताठ असतो, पण लोखंडापेक्षा कितीतरी मऊ, आणि कोमट तव्यावर तो वितळत नाही. आप्पेपात्राच्या खळग्यांसाठी अशीच बोटाएवढी बारीक जुडी बांधावी. तिथे नेहमीची घासणी तळापर्यंत नीट पोहोचत नाही. ओली राहिली तर काथ कुजते, म्हणून पिळून उन्हात टाकावी.

नायलॉनचा ब्रश चालतो, पण तवा हाताला सोसेल इतका निवल्यावरच. नायलॉन साधारण 220 ते 260 अंश सेल्सिअसला वितळते आणि मऊ त्याच्या बरेच आधी पडते. गॅसवरून नुकताच उतरलेला तवा तेवढा सहज तापलेला असतो. वितळलेले केस चिकटले की ते खरवडताना थरही निघतो.

जाड करपेसाठी स्टीलच्या बारीक कड्यांची, चिलखतासारखी विणलेली जाळी मिळते. ती धातूची असूनही चालते, कारण कडी गोल असते, तिला धार नसते. तारेच्या घासणीत नेमके उलटे: तिची चपटी पट्टी कडेने कापते, थर तासून काढते आणि तिचे तुटलेले तुकडे अन्नात जाऊ शकतात. जाळी घेताना बोट फिरवून पाहावे. कड्यांची उघडी टोके बोटाला टोचत असतील तर ती तव्यालाही ओरखडणारच. इनॅमल चढवलेल्या बिडावर मात्र ही जाळी वापरू नये. हिरव्या खरखरीत घासणीत पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. ते बिडाहून कठीण, त्यामुळे ती गंज काढण्यापुरतीच ठेवावी. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश तर अजिबात नको.

खरे तर घासणीपेक्षा पाणी अधिक काम करते. तवा गरम असतानाच त्यात कपभर गरम पाणी ओतावे, दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे आणि लाकडी उलथन्याने कडेकडेने सोडवत जावे. थंड पाणी ओतू नये. बीड ठिसूळ असते, एकदम आकसले की तडकू शकते. एवढ्यानेही डाग राहिला तर तवा पुसून कोरडा करावा, अर्धा चमचा तेल आणि दीड-दोन चमचे जाडे मीठ टाकून सुती फडक्याने गोल चोळावे. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून त्याची खर टिकते. पाण्यात ती लगेच जाते. नंतर मीठ पूर्ण धुवून काढावे, राहिले तर गंज धरतो.

चिंच, लिंबू, राख आणि विटेची पूड पितळेसाठी ठेवावी. चिंचेतले आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाते, ओली राख तेलाचा थर सोडवते. भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे तीन-चार थेंब मात्र खुशाल वापरावेत, कडक झालेला थर त्याने निघत नाही. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा टाळावा.

धुतल्यावर तवा मंद आचेवर दोन-तीन मिनिटे सुकवावा, पाव चमचा तेल चोळून कोरडा दिसेपर्यंत पुसावा. मग पांढरे फडके फिरवावे. किंचित काळे आले तर हरकत नाही. तांबूस आले तर गंज आहे. तेवढी जागा घासून पुन्हा तेल लावून धूर येईपर्यंत तापवावी. फडके चिकटले तर तेल जास्त झाले. कोकणच्या पावसाळ्यात ही पाहणी दर आठवड्याला हवी.

घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हाती आपणच एक घासणी देतो आणि ‘तवा लख्ख घासा’ म्हणून सांगतो. थर गेला की बोल त्यांना लागतो, हे मनाला पटत नाही. तव्याची काथ वेगळ्या खिळ्याला टांगावी आणि ती कशासाठी आहे हे त्यांना नीट सांगावे.

आपल्या पाककृतींच्या पानावर ‘बिडाचा तवा’ असे छापाल तेव्हा खाली ‘काथेने घासावा, आचेवर सुकवावा’ एवढी ओळ जोडावी, ही विनंती. भांड्यांच्या दुकानदारांनीही तव्यासोबत अशी मराठी चिठ्ठी आणि काथेची एक जुडी द्यावी.

आपला,
एक वाचक, कुडाळ