चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूस, सोसायटीच्या खजिनदाराकडून

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. आपल्या डोंबिवलीच्या इमारतीत ज्याला कळायचं त्याला ते कळेलच.

जिन्यात भेटलीस तेव्हा मी आभार मानले होते, पण ते घाईघाईत, फाइली मिळाल्या म्हणून. तू त्या कशा मिळवून दिल्यास ते चार लोकांना सांगायला हवं, म्हणून हे जाहीर पत्र.

लॅपटॉप पावसाळ्यात बंद पडला. दुकानदाराने मदरबोर्ड बदलला, पैसे घेतले आणि यंत्र परत दिलं. घरी आणून सुरू केलं तर निळा पडदा, वर ‘बिटलॉकर’, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आणि खाली अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची जादाची किल्ली, मागणारी चौकट. परत दुकानात गेलो. ‘काका, फॉरमॅट मारावं लागेल, डेटा गेला समजा,’ म्हणाला. पावतीवर ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असं आधीच छापलेलं होतं, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्याकडे मात्र सोसायटीची खातेवही, थकबाकीच्या याद्या, बँकेचे ताळमेळ, सगळं त्याच डिस्कवर. लेखापरीक्षक रोज फोन करत होते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, हे कायद्याने ठरलेलं. एका हितचिंतकाने कुलूप ‘तोडून’ देणाऱ्याचा नंबरही दिला. पैसे आगाऊ.

तू आलीस आणि लॅपटॉपला हातच लावला नाहीस. आधी विचारलंस, ‘हा नवा आणला तेव्हा पहिल्यांदा कोणी चालू केला? कोणाचा ईमेल टाकला होता?’ हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. माझा भाचा दिवाळीला पुण्याहून आला होता, त्यानेच सगळं लावून दिलं होतं. ‘मग किल्ली त्याच्याकडे असणार,’ असं तू इतक्या सहज म्हणालीस की मला ते खरंच वाटेना.

नंतर चहा घेताना तू समजावलंस, तेही इथे नोंदवतो, कारण हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून विंडोज चालू केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, साध्या होम आवृत्तीतसुद्धा. २०२४च्या विंडोज ११ २४एच२ या आवृत्तीपासून तर हे आणखी जास्त यंत्रांवर होऊ लागलं आहे. रोजची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते, त्यामुळे एरवी काही जाणवत नाही. बोर्ड बदलला की चिपही बदलते, नवीला जुनी किल्ली ठाऊक नसते, आणि मग निळा पडदा. जादाची किल्ली ज्याच्या खात्याने लॅपटॉप लावला त्याच्या खात्यात ठेवलेली असते. तिथेही नसेल, कागदावर वा पेनड्राइव्हवरही कुठे नसेल, तर ती खुद्द मायक्रोसॉफ्टलाही नव्याने बनवून देता येत नाही. मग आगाऊ पैसे मागणारा तो गृहस्थ काय तोडणार होता, कोण जाणे.

भाच्याला फोन लावला. त्याच्या खात्यात एकाहून जास्त किल्ल्या होत्या, त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची धरून. पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं जुळवून तू नेमकी ओळ काढायला लावलीस. तो आकडे वाचू लागला, मी कागदावर उतरवू लागलो. तो सवयीने ‘पंचवीस, त्र्याऐंशी’ असं जोडीने वाचत होता आणि मी कुठेतरी बावन्न लिहून बसलो. तेव्हा तू जे केलंस ते मी अजून सगळ्यांना सांगत सुटलो आहे. म्हणालीस, ‘काका, सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत ना? प्रत्येक गटाला अकराने भाग गेलाच पाहिजे.’

अकराची कसोटी! शाळेत शिकलेली, पुढे कधी कामाला न आलेली. एकाआड एक आकड्यांची बेरीज करायची, दोन बेरजांतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला की भाग जातो. समजा गट ४१८२९७ असेल: ४, ८, ९ मिळून एकवीस, १, २, ७ मिळून दहा, फरक अकरा, म्हणजे गट बरोबर. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले किंवा एखादा चुकला, की हिशोब लगेच बिघडतो. हयात जमाखर्चात घालवलेल्या माणसाला कुलपाच्या किल्लीत असा ताळा सापडावा, याचा मला फाइली मिळण्याइतकाच आनंद झाला, हे खरं सांगतो. एक गट अडला, भाच्याला तेवढाच पुन्हा सुटे आकडे करून वाचायला लावला, बरोबर आला. मगच तू लॅपटॉप पुढे ओढलास. एका दमात उघडला.

उघडल्यावर मी उठायच्या तयारीत. तू नाही. आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलंस. मग बिटलॉकर थोडा वेळ स्थगित करून पुन्हा चालू केलंस, म्हणजे नव्या चिपला किल्ली कळेल आणि दर वेळी अठ्ठेचाळीस आकडे मागणार नाही. किल्लीचा कागद छापून रेशनकार्डाच्या फाइलीत लावायला सांगितलंस. मी पासवर्ड टाकत असताना न सांगता खिडकीकडे तोंड केलंस. ही रीत तुला कोणी शिकवली माहीत नाही. आमच्या बँकेतही मी ती फारशी पाहिली नाही.

जुन्या डेस्कटॉपच्या डिस्कचं काम तर मी लाजत लाजतच काढलं होतं. सभासदांच्या भाग-हस्तांतरणाची (शेअर नावावर करण्याची) आणि नामनिर्देशनाची जुनी स्कॅन तिच्यात. जोडली की ‘तुम्हाला परवानगी नाही’. मला वाटलं, पुन्हा तेच. तू हसलीस. हे कुलूप नाही, म्हणालीस, नुसती दारावरची पाटी आहे. जुन्या यंत्रातल्या वापरकर्त्याच्या नावावर ते फोल्डर होतं आणि नवं यंत्र त्याला ओळखत नव्हतं. सिक्युरिटीच्या पानावर जाऊन मालक बदललास, आतल्या सगळ्या फाइलींना तोच लागू केलास, झालं. पण तेवढ्याच फोल्डरला. सबंध डिस्कचा मालक बदलत सुटू नका, असा दमही दिलास.

पैसे घेतले नाहीस. त्यावर मी जे बोललो ते जाऊ दे, वय झालं की माणूस जास्त आग्रह करतो.

लेखापरीक्षण झालं, सभाही मुदतीत झाली. तिथे मी तुझ्या आभाराचा ठराव मांडला. सचिवांचं म्हणणं, भाडेकरू सभासद नाही, तिचं नाव इतिवृत्तात कसं घ्यायचं? तुझ्या घरमालकाकडून आपण सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचं, नियमाने घेतो, ते मात्र इतिवृत्तात बिनबोभाट येतं, असं मी म्हणालो. बरीच चर्चा झाली. शेवटी ‘चौथ्या मजल्यावरील एका रहिवाशाचे आभार’ असं सर्वानुमते लिहिलं गेलं. मसुदा सूचनाफलकावर लावला आहे, काही दुरुस्ती सुचवायची असेल तर सांग.

तुझा,
खजिनदार काका