फॉरमॅट न मारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतंच ताई. आभार मात्र चारचौघांत मानतोय, कारण शिरोली एमआयडीसीत आमच्यासारखी फाउंड्रीची लॅब सांभाळणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि हे दुखणं त्यांनाही कधीतरी जडणार.

आमच्या लॅबच्या मशिनवरच्या उबुंटू 22.04 (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) चं टर्मिनलच, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकीच, उघडेना. ज्याला विचारावं तो एकच सांगे: फॉरमॅट मारा. (कोल्हापुरात कॉम्प्युटरच्या सगळ्या रोगांवर हेच औषध.) हीटचे (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचे) कार्बन-सिलिकॉनचे आकडे त्याच मशिनवर, त्यामुळे माझा हात धजत नव्हता.

तुम्ही आलात, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळा कन्सोल काढलात आणि अपडेट चालवून बघितलंत. 'अ‍ॅप्ट_पीकेजी' हे पायथनचं मॉड्यूल (प्रोग्रॅमचा तुकडा) सापडत नाही, अशी तक्रार आली. ती वाचून तुम्ही थेट 'पायथन३' या नावाची लिंक पायथन भाषेच्या कुठल्या आवृत्तीकडं जाते ते पाहिलंत. आधी सेटअप करून गेलेल्या माणसानं नवं 3.12 घालून सिस्टिमची लिंकच तिकडं वळवली होती. उबुंटूचं टर्मिनल सुरू करणारी स्क्रिप्ट, अ‍ॅप्टची (उबुंटूत पॅकेजेस घालणाऱ्या प्रोग्रॅमची) काही हत्यारं, सगळी पायथनवर चालतात आणि त्यांचे कंपाइल केलेले भाग 22.04 च्या मूळ 3.10 साठीच असतात. 3.12 ला ते दिसणार कुठून? लिंक परत 3.10 कडे वळवली आणि टर्मिनल उघडलं. एका कमांडचं काम!

तेवढ्यावर तुम्ही निघाला असता तरी आम्ही खूश होतो. पण चार्ज मिक्सचा (भट्टीत काय किती टाकायचं त्याचा) जुना प्रोग्रॅम नमपाय 1 वर (नमपाय म्हणजे पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) आणि रिपोर्टचा नवा 2024 मध्ये आलेल्या नमपाय 2 वर, हे तुमच्या लक्षात आलं. दोघं एका जागी नांदणं अवघड. म्हणून अ‍ॅप्टनं 'पायथन३-व्हेन्व' पॅकेज घालून तुम्ही दोघांना वेगवेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (व्हेन्व, म्हणजे पॅकेजेसचा स्वतंत्र फोल्डर) करून दिलीत. सिस्टिमचा पायथन अ‍ॅप्टचा, आपली पॅकेजेस व्हेन्वमध्ये, आणि 'सुडो पिप' चं (अ‍ॅडमिनच्या हक्कानं पायथनची पॅकेजेस घालण्याचं) नाव काढायचं नाही, असा दमही भरलात. डेबियन (उबुंटू जिच्यावर बेतलंय ती सिस्टिम) 12 पासून तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेज घालायला पिप स्वतःच नकार देतं. तो नकार मोडणारा पर्याय आहे म्हणून वापरू नका, हेही सांगितलंत.

व्हेन्व अ‍ॅक्टिव्हेट केल्यानं मुख्यतः पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) त्या फोल्डरचं नाव पुढं येतं, त्यामुळं रात्रीच्या क्रॉन जॉबला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला) व्हेन्वमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता दिला की झालं, हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. रात्रपाळीचा रिपोर्ट आता सकाळी तयार असतो.

व्हेन्वचा फोल्डर दुसऱ्या मशिनवर उचलून नेऊ नका, त्यात जुने पत्ते लिहिलेले असतात, हे तुमचं वाक्य आमच्या पोरानं कपाटाच्या दारावर चिकटवलंय. शेजारी रिक्वायरमेंट्सच्या (कुठली पॅकेजेस लागतात त्या यादीच्या) दोन्ही फायलींची प्रिंटही आहे.

22.04 चा नेहमीचा सपोर्ट 2027 पर्यंतच. 24.04 वर गेलो की मूळ पायथन 3.12 होणार, म्हणजे दोन्ही व्हेन्व त्या फायलींवरून नव्यानं बांधावे लागतील, आणि जुन्या प्रोग्रॅमचं नमपाय 3.12 वर बसतं का तेही बघावं लागेल. तेव्हा परत फोन करणार. या खेपेला नुसत्या चहावर गेलात, पुढच्या वेळी मानधनाचं पाकीट नाकारलेलं चालणार नाही.

आपला,
शिरोलीचा लॅबवाला