हवा तापली तरी सेल्फ रेस्क्यूअर काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाण सुरक्षा सप्ताहाच्या बातम्या वाचल्या. कमरेच्या सेल्फ रेस्क्यूअरबद्दल, म्हणजे विषारी वायूतून श्वास घेत बाहेर पडण्यासाठी तोंडाला लावायच्या डब्याबद्दल, त्यांत एक ओळही दिसली नाही, म्हणून हे पत्र. चंद्रपूर भागातल्या भूमिगत कोळसा खाणीत माझी सगळी नोकरी झाली, शेवटची वर्षे ओव्हरमन, म्हणजे पाळीच्या कामावर देखरेख करणारा, म्हणून.

आग किंवा स्फोटानंतर खाणीत कार्बन मोनॉक्साइड पसरतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. ओल्या रुमालाने तो अडत नाही. आमच्या डब्यात त्यासाठी होपकॅलाइट असे, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांचे सच्छिद्र काळे दाणे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत ते तयार झाले. जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांवरून नाव पडले. या छिद्रांत साध्या तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन मिळतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. दाण्यांनी दिलेला ऑक्सिजन हवेतून भरून निघतो. (हवेतच ऑक्सिजन कमी असेल तर हा डबा वाचवू शकत नाही, हेही सांगायलाच हवे.) ओल लागली की दाणे निकामी होतात, म्हणून आमचे डबे ठरावीक मुदतीने तराजूवर चढत. वजन वाढले की बाष्प शिरले, डबा बाद.

या क्रियेत उष्णता निघते. विषारी वायू जितका जास्त, तितकी आत येणारी हवा गरम. घसा सुकतो, जीभ पोळते. नवख्याला वाटते डबा बिघडला, आणि तो माऊथपीस ओढून काढतो. मग दोन-चार श्वासही घातक ठरू शकतात.

माझ्या प्रशिक्षणात डबा लांबून दाखवला आणि रजिस्टरवर सही घेतली. गरम हवेचे मला नंतर एका जुन्या मायनिंग सरदाराने, म्हणजे खाणीतल्या मुकादमाने, सांगितले, पाळीत डबा खाताना: “पोरा, हवा तापली की समज, डबा काम करतोय. दात आवळून धर.”

आता ऑक्सिजन तयार करणारी सेल्फ रेस्क्यूअर आली आहेत. त्यांतूनही हवा गरमच येते. तेव्हा प्रशिक्षण केंद्रात प्रत्येक नव्या कामगाराला, ठेकेदाराच्या माणसांसकट, सरावाचा माऊथपीस तोंडात आणि चिमटा नाकाला लावून अंधारात निदान पंधरा मिनिटे चालवावे. सही त्यानंतर घ्यावी.

एक निवृत्त ओव्हरमन, चंद्रपूर