एकोच्या कागदामागे काढलेल्या चित्राबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता. छत्रपती संभाजीनगरच्या सीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, रात्रपाळीला होतात, एवढी ओळख पुरे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हार्ट अटॅक आला. त्यांच्या हृदयाच्या शिरेतली गुठळी आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी वेळेत इंजेक्शन देऊन विरघळवली, स्टेंट तुमच्या मोठ्या सरांनी बसवला. त्या दोघांना समक्ष भेटून आलो. तुमचे आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही जे समजावून सांगितलंत त्याची गरज एकट्या आमच्या घराला नाही.

एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘ईएफ 30 टक्के, पुढची भिंत हलत नाही’ असं आलं आणि भेटायला येणाऱ्यांनी तासाभरात हिशोब मांडून टाकला: सत्तर टक्के हृदय मेलं. पाहुणेमंडळी दवाखान्यात येताना फळं आणतात आणि सोबत कुणाच्या तरी मरणाची गोष्टही आणतात. व्हायचं तेच झालं, बातमी आबांच्या कानावर गेली. ‘‘माझं काळीज मेलं म्हणं. मग मी बोलायलो कसा?’’ हा त्यांचा प्रश्न मला आला नाही. तुम्हाला आला, म्हणून हे पत्र.

स्टूल ओढून तुम्ही खाटेशी बसलात, एकोचा कागद उलटा केलात आणि आधी टक्क्यांचा गोंधळ मिटवलात. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर फेकलं जातं, त्याचं माप म्हणजे ईएफ, एवढंच. धडधाकट माणसाचंही ते साधारण 55 ते 70 असतं, शंभर कुणाचंच नसतं. हे एक वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर रंगवून ठेवलं तर निम्म्या नातेवाइकांची झोप वाचेल.

मग तुम्ही पेशीचं चित्र काढलंत. मी दहावीला विज्ञान शिकवतो. ऑक्सिश्वसन, विनॉक्सिश्वसन दरवर्षी फळ्यावर लिहितो, एका ग्लुकोजमागे 38 एटीपी (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन) हा आकडा पोरांकडून घोकून घेतो. (आताचा हिशोब 30 ते 32 चा आहे, हेही तुम्हीच सांगितलंत.) पण हे सगळं माझ्या बापाच्या छातीत चाललंय अशा नजरेनं ते कधी पाहिलंच नव्हतं. हृदयाच्या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा ही ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांनीच व्यापलेला. दिवसाला लाखभर ठोके द्यायचे, आणि एटीपीची शिल्लक मात्र जेमतेम काही सेकंदांची. बनवायचं आणि लगेच वापरायचं. त्यातलं 95 टक्क्यांच्या वर ऑक्सिजनच्या जोरावर बनतं, आणि इंधन म्हणून साखरेपेक्षा चरबी जास्त जळते.

शीर बंद झाली की त्या भागात उरलेला ऑक्सिजन काही सेकंदांत संपतो. पहिला आधार क्रिएटिन फॉस्फेट या ऊर्जेच्या राखीव साठ्याचा, तोही लगेच आटतो. (ते आणि एटीपी, दोन्हींच्या शोधात यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत, 1927 आणि 1929 साली. आपल्या आंध्रातला माणूस, आणि मी कधी वर्गात नाव घेतलं नव्हतं. यंदा घेतलं.) त्यानंतर पेशी स्वतःजवळचं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फोडते. ऑक्सिजनशिवाय एका ग्लुकोजमागे हाती पडतात दोनच एटीपी, ग्लायकोजेनमधून सुटलेलं असेल तर तीन. आणि मागे उरतं लॅक्टेट. एरवी हृदय रक्तातलं लॅक्टेट स्वतः इंधन म्हणून जाळतं, अशा वेळी तेच ते तयार करू लागतं.

इथे मी विचारलं होतं, की हे दोन-तीनचं का होईना, चालू राहत नाही का? तुम्ही बंद शिरेवर पेनानं दोनदा गिरवलंत. रक्तात ऑक्सिजन कमी असणं वेगळं आणि रक्तच न वाहणं वेगळं. वाहणारं रक्त लॅक्टेट आणि आम्ल धुऊन नेतं. प्रवाहच थांबला की ते तिथंच साचतं आणि साचलेलं आम्ल ग्लायकोलिसिसचाच, म्हणजे साखर फोडण्याच्या क्रियेचाच, गळा धरतं. त्यात भर म्हणजे, एरवी एटीपी बनवणारं तंतुकणिकेतलं एन्झाइम उलटं फिरून असलेलं एटीपी खर्च करू लागतं. एटीपी घटलं की पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमची काही दारं उघडतात, विजेचा तोल ढळतो. आबांच्या ईसीजीतली ती वर उचललेली रेघ अशा बिघाडातूनच उमटते.

पण आबांच्या प्रश्नाचं उत्तर पुढं होतं. पेशीचा सगळ्यात मोठा खर्च आकुंचनाचा, एटीपीतला निम्म्याहून जास्त. रक्त थांबल्यावर मिनिटभरातच त्या भागाचं आकुंचन थांबतं, एटीपी पुरतं संपायच्या कितीतरी आधी. साचलेलं फॉस्फेट आणि आम्ल मिळून स्नायूच्या तंतूंना ढिलं पाडतात. यात पेशीची काही अक्कल नाही, रसायनच तसं आहे, हे तुम्ही बजावलंत. पण त्यामुळं वाचलेलं थोडंसं एटीपी क्षारांचे पंप चालू ठेवायला पुरतं, आणि पेशी काही काळ तग धरते. साधारण वीस मिनिटांनंतर कायमचं नुकसान सुरू होतं, तेही आतल्या थरापासून. बाहेरच्या थरापर्यंत ते पोचायला काही तास लागतात. त्या तासांत इंजेक्शन मिळालं तर बाहेरचा बराच भाग हाती लागतो. असा वाचलेला भाग रक्त परत आल्यावरही लगेच हलत नाही. कित्येक दिवस, कधी काही आठवडे नुसता सुन्न पडून राहतो.

आबा तेवढ्यात म्हणाले, ‘‘म्हंजी दोन हजार बाराच्या दुष्काळात आपुन मोसंबीचं केलं तसं. बहार धरला नाही, फांद्या छाटल्या, टँकरच्या पाण्यावर निस्तं झाड जगवलं.’’ तुम्ही क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, ‘‘बाबा, हे मी आता सगळ्यांना सांगणार.’’ अंबड तालुक्यात त्या साली किती बागा सरपण झाल्या हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांची उरली होती. त्या रात्री ते पहिल्यांदा नीट झोपले.

तुम्ही खोटा धीर दिला नाहीत, याचे आभार वेगळे. ‘‘यातलं किती सुन्न आहे आणि किती मेलेलं, ते आज एकोवरून सांगता येत नाही. मेलेलं असेल तिथं वण राहणार. सहा आठवड्यांनी परत बघू,’’ असं सरळ सांगितलंत. परवा ती तपासणी झाली. ईएफ 45 आला. टोकाकडचा भाग अजून हलत नाही, तो बहुधा हलणारही नाही. गोळ्या चालू आहेत, बिडी सुटली आहे, बांधावरून एक चक्कर होते. आधी छातीत दुखलं की ‘पित्त हाय’ म्हणून सोडा मागणारा माणूस आता गल्लीतल्या प्रत्येकाला ईसीजी काढायला पिटाळतो. त्याचा थोडा त्रासच झालाय.

एक गोष्ट अर्धवट राहिली. रक्त परत आलं की त्याच धक्क्यानं आणखी काही पेशी मरतात, कॅल्शियम आत घुसतं, असं तुम्ही म्हणत होतात आणि तेवढ्यात सात नंबरचा मॉनिटर वाजला. ज्या रक्तासाठी एवढी धावपळ, तेच मारतं कसं, हे मला नीट कळलेलं नाही. पुढच्या महिन्यात आबांना घेऊन ओपीडीला येतोय. पाच मिनिटं द्या, कागद मी घेऊन येईन.

आपला,
एक शिक्षक
ता. अंबड, जि. जालना