शीतलला, पेनल्टी चुकल्यानंतर

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्री

चि. शीतल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी तुला म्हणालो, "आता पुरे झाला खेळ, अभ्यासाकडं बघ." तू "बरं बाबा" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझं ते "बरं" तेव्हापासून कानातून जात नाही. भांडली असतीस तर बरं वाटलं असतं. कॉलेजकडून तुझी पहिली फुटबॉल मॅच, एका गोलनं हार, तुझी पेनल्टी गोलपोस्टाला लागून बाहेर. हे सगळं तू सगळ्यांत आधी मला सांगितलंस, आणि मी असं बोललो. चुकलं माझं. मागांच्या खडखडाटात मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

आज दुपारी लाइट गेली, माग थांबले. माळ्यावरून आजोबांची कात्रणांची वही काढली. आजोबा कॅम्पातल्या मैदानावर पलटणीच्या पोरांबरोबर अनवाणी खेळलेले. उजव्या अंगठ्याचं नख त्यांचं कायमचं काळं होतं, तू लहानपणी बोट लावून विचारायचीस, दुखतंय का म्हणून. त्या वहीत पहिल्याच पानावर 1948 चं ऑलिंपिक आहे. ते तुला सांगायचंय.

31 जुलै 1948. स्वातंत्र्याला वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. लंडनजवळ इलफर्डला आपली टीम फ्रान्सविरुद्ध उतरली. बहुतेकजण अनवाणी, पायाला नुसत्या पट्ट्या बांधलेल्या. समोरचे सगळे बूट घालून. फ्रान्सनं आधी गोल केला, सारंगपाणी रामननं बरोबरी साधली. ऑलिंपिकमधला आपला पहिला गोल तो. सामना संपायला मिनिटभर उरलं असताना फ्रान्सनं दुसरा मारला आणि आपण 2-1 नं हरलो. आता नीट वाच, शीतल. त्या सामन्यात आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, आणि दोन्ही वाया गेल्या. एक शैलेन मन्नानं घालवली, दुसरी महाबीर प्रसादनं. दोन्हीतली एक जरी आत गेली असती, तरी हारलो नसतो त्या नव्वद मिनिटांत.

आजोबा ही गोष्ट सांगताना इथं थांबायचे. त्या रात्री मन्ना जेवला असेल का, असं विचारायचे. मी पोरगा होतो, मला पुढचा निकाल हवा असायचा. आता तुझा तो आवाज ऐकल्यावर कळतंय, ते तिथंच का थांबायचे.

तीन वर्षांनी, मार्च 1951 मध्ये, दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामना इराणशी. साहू मेवालालच्या एका गोलवर आपण जिंकलो, सुवर्णपदक आलं. कॅप्टन कोण होता ठाऊक आहे? तोच शैलेन मन्ना. इलफर्डच्या पेनल्टीवरून त्याला कुणी घरी बसवलं नाही, आणि तोही बसला नाही.

सगळं चढतच गेलं असंही नाही. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 नं हरवलं. तो एक गोल बंगळूरच्या अहमद खाननं केला होता. थंडीत, बूटवाल्यांपुढं अनवाणी पाय टिकले नाहीत. त्यानंतर आपल्या फुटबॉल फेडरेशननं बूट सक्तीचे केले. दहा गोल खाल्ल्यावर लोकांनी नावं ठेवली असतीलच, पण पोरं बूट घालून पळायला शिकली. अनवाणी वाढलेल्या पायाला ते सोपं नसतं. पहिल्यांदा स्टडचे बूट घालून लेले मैदानावर तू कशी चालत होतीस, आठवतंय ना? चिखलात बदकासारखी.

मग 1956. आजोबांच्या वहीत हे पान सगळ्यांत जास्त हाताळलेलं आहे. 1 नोव्हेंबरला आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. घरात, पेठेत, सगळीकडं तोंडं उतरलेली. बरोबर महिन्यानं, 1 डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 नं हरवलं. नेव्हिल डिसूझानं हॅट्‌ट्रिक केली. मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईकडून. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आजोबा म्हणायचे, त्या महिन्यात वडगावात पहिल्यांदा कुणी मोठ्यानं हसलं असेल तर त्या दिवशी. पुढं उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडूनच हरलो आणि चौथे आलो. पण ऑलिंपिकमध्ये चौथे.

अभ्यासाचं मी बोललो, त्याचंही सांगतो. 1948 चा कॅप्टन तालिमेरेन आओ नागा टेकड्यांतला. कलकत्त्यात डॉक्टरकी शिकत होता. ऑलिंपिक खेळून आला, शिक्षण पुरं केलं आणि आपल्या मुलखात डॉक्टर म्हणून राहिला. त्याला दोन्हींतलं एक सोडावं लागलं नाही. तुला मी कशाला सोडायला लावू?

तुझे जुने बूट वहीजवळच सापडले. स्टडमध्ये लेले मैदानाची तांबडी माती वाळून दगड झाली होती. आईच्या कांड्या भरायच्या जागेवर बसून खिळ्यानं ती एकेक काढली. उजव्या बुटाचा पुढचा टाका उसवलाय. मागावरचा पक्का दोरा दुहेरी करून शिवलाय, आता सुटणार नाही. सरावाला वापर. नव्यासाठी पैसे मी पहिल्या तारखेला पाठवतो.

आई कुंदा देते आहे, तुझ्या मैत्रिणींना पण दे. डबा आणि बूट मंगळवारच्या सकाळच्या गाडीनं पाठवतो, स्टँडवर घ्यायला ये.

पुढची मॅच कधी ते कळव. त्या दिवशी माग बंद ठेवून मी कोल्हापूरला येणार आहे. सरांना सांग, "पेनल्टी मिळाली तर मीच मारणार."

तुझे,
बाबा