वही पुन्हा उघडा, बाबा

ती. आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही "बघू, बघू" म्हणून विषय बदलता आणि आई, तुझा आवाज भरून येतो. म्हणून लिहायला बसले. सावकाश वाचा, दोन बैठकांत वाचलंत तरी चालेल.

बाबांचा मधुमेहाचा रिपोर्ट पाहिला. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ६.८ वरून ७.९ वर गेलंय. आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग हॉस्पिटलच्या फेऱ्या, बाहेरचं जेवण, रात्री जागताना चहा आणि बिस्किटं. अशा महिन्यांनंतर आकडा वाढणारच होता, त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मनाला लागलं ते तुमचं वाक्य, "वर्षभर केलेलं सगळं पाण्यात गेलं." आणि खरी काळजी वाटली ती आईने हळूच सांगितलं त्याची. गेले काही दिवस तुम्ही रात्रीचं जेवणच सोडलंय म्हणे, झालेलं भरून काढायला.

आधी तेच. बाबा, तुमच्या रोजच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा किंवा न जेवा. पोट रिकामं असलं तरी तिचं काम चालूच राहतं आणि शुगर ७० च्या खाली उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. उतारवयात ही लक्षणं ठळक जाणवतीलच असं नाही. कधी नुसतं गळून गेल्यासारखं वाटतं, गोंधळायला होतं, तोल जातो. रात्री बाथरूमला उठताना असं झालं तर? एका पडण्याने आपल्या घराचे किती महिने गेले, हे तुम्हीच जवळून पाहिलंय. तेव्हा रात्रीचं जेवण आजपासून सुरू करा, आकड्याचं नंतर बघू. कधी तसं वाटलंच तर मीटरवर शुगर बघा. कमी असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा, आणि वर आली की काहीतरी खाऊन घ्या. जेवण कमी करायचंच असेल तर गोळीचं प्रमाणही बदलावं लागेल आणि ते डॉक्टर ठरवतील. आधी त्यांच्याशी बोलायचं, मग ताटात बदल करायचा. हा क्रम उलटा व्हायला नको.

आता "पाण्यात गेलं" याबद्दल. तुमच्या हातातला कागद नेमकं काय मोजतो ते बघा. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला जेवढी साखर चिकटली, तेवढी त्या आकड्यात दिसते. म्हणजे तो मागच्या दोन-तीन महिन्यांबद्दल सांगतो, आणि त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा. आईच्या पडण्याआधी तुम्ही ज्या निष्ठेने जेवण सांभाळलंत, त्याची नोंद या कागदावर होतच नाही. ते पुसलं गेलेलं नाही, फक्त ते इथे मोजलेलं नाही. आणि या रिपोर्टमध्ये ज्या पेशी मोजल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक चार महिन्यांनी तुमच्या रक्तात नसतील. त्यांच्या जागी आलेल्या पेशी तुम्ही आजपासून जे खाल त्याचीच नोंद ठेवतील. म्हणून पंधरा दिवसांत पुन्हा तपासायचा हट्ट धरू नका. एवढ्यात आकडा फारसा हलत नाही आणि तुम्ही विनाकारण खचाल. तीन महिन्यांनी करू. तोवर जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मीटरवर अधूनमधून बघा, त्या जेवणाचं त्याच दिवशी कळेल.

वजनकाट्यावरही फार विश्वास ठेवू नका. चार दिवस खारट आणि पिष्टमय जास्त खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, काटा पटकन वर जातो. जेवण ताळ्यावर आलं की त्यातलं बरंच तसंच उतरतं. ती सगळी चरबी नव्हे.

बाबा, तुम्हाला एक प्रयोग सांगायचाय. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना चव ओळखण्याच्या निमित्ताने बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक पिऊन झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, साधी गोष्ट. पण ज्या एरवी पथ्याने राहत होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, मग आता कशाला थांबायचं! भूक तिथे नव्हतीच. होता तो "सगळं गेलं" हा विचार, आणि तोच त्यांच्या हातात पुन्हा चमचा देत होता.

तुमच्या बाबतीत मला हेच दिसतं. हॉस्पिटलमधल्या बिस्किटांनी जेवढं बिघडवलं असेल त्यापेक्षा आई घरी आल्यानंतरच्या महिन्याने जास्त बिघडवलंय, कारण तेव्हा तुम्ही "आता काय उपयोग" म्हणायला लागला होतात. दिवसा ते म्हणून खायचं आणि रात्री प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहायचं, मग सकाळी भूक इतकी खवळते की समोर येईल ते पोटात जातं. हे चक्र तुमच्या स्वभावात नाही. तुम्ही आयुष्यभर शांतपणे, एकेक करून कामं निस्तरलीत, आणि हेही तसंच निस्तरता येईल.

तुम्ही रोजचं जेवण लिहून ठेवता त्या वहीबद्दल आईने सांगितलं. दोन महिन्यांची पानं कोरी आहेत आणि तुम्ही पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नव्या वहीत सुरुवात करणार आहात. कृपा करून तसं करू नका. एक तारखेची वाट बघायची म्हणजे तोवरच्या दिवसांना मोकळीक देऊन टाकायची, आणि नवी वही घ्यायची म्हणजे जुनी वाया गेली असं मान्य करायचं. तीच वही घ्या, कोरी पानं कोरी राहू देत, आजची तारीख घाला आणि आज रात्री जे जेवाल ते लिहा. जास्त खाल्लं असेल तरी लिहा. ती वही तुमची परीक्षा घ्यायला नाही, तुम्हाला दिसावं म्हणून आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता, २०१० मध्ये तो छापून आला. दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खायचं, अशा साध्या गोष्टी. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला. म्हणजे अमुक दिवसांत जमलंच पाहिजे असं काही नसतं. मला त्यातलं आवडलं ते वेगळंच: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या वाटेवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. तुमचे एक-दोन दिवस नाही, काही महिने गेले हे मला समजतं. पण वर्षभर रोज सकाळी चालून येऊन, आधी भाजी आणि मग बाकीचं, असं जेवलेला माणूस पहिल्या दिवसापासून सुरू करत नसतो. कशाने शुगर वाढते, किती खाल्लं की जड वाटतं, हे तुम्हाला आता पाठ आहे. रिपोर्ट बिघडला म्हणून ते ज्ञान जात नाही.

आई, आता तू.

"मी उभी असते तर हे झालं नसतं," हे तू दर फोनवर म्हणतेस. खरंच आहे ते. पण यात दोष शोधायचाच असेल तर तो या व्यवस्थेत आहे, तुझ्या पायात नाही. दोन माणसांचं पथ्य एकाच माणसाच्या उभं राहण्यावर टेकलेलं होतं. भाजी तू निवडायचीस, मीठ तू मोजायचीस, बाबांच्या खाण्याच्या वेळा तू सांभाळायचीस. तो माणूस पडला की सगळं एकदम थांबणार, यात नवल काय? म्हणून पूर्वीची घडी जशीच्या तशी बसावी असं मला वाटतच नाही. बाबांनी दोन-तीन सोप्या गोष्टी शिकाव्यात: भाज्या चिरून वाफवणं, कडधान्यं भिजवून शिजवणं, अंडी उकडणं. तू खुर्चीत बसून सांग, ते करतील. आणि ज्या दिवशी कोणालाच उभं राहावंसं वाटणार नाही त्या दिवसासाठी घरात काहीतरी कायम असू दे: दही, फळं, दाणे, उकडलेली अंडी. वाईट दिवस पुन्हा येतील. तेव्हा काय खायचं हे आज ठरलेलं असलं की त्या दिवशी डोकं चालवावं लागत नाही.

घरचं जेवण अळणी लागतं अशी बाबांची तक्रार आहे, आणि तुलाही तसं वाटतंय. त्याला कारण आहे. बाहेरच्या खाण्यात मीठ भरपूर असतं, जिभेला त्याची सवय झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात बिस्किटं, लोणची, तयार सूप यांतलंही सगळं आलं. मीठ कमी केलं की पहिले काही आठवडे जेवण फिकंच लागणार. मग हळूहळू जीभ वळते आणि पूर्वीचं जेवण खारट वाटायला लागतं. तोवर लिंबू, लसूण, मिरी यांच्यावर निभावून ने. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र परस्पर आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड नाजूक असेल तर ते त्रासदायक ठरतं. डॉक्टरांना विचारूनच.

आणि तू बाबांच्या बरोबरीने जेवण कमी करायला लागलीयेस, ते थांबव. हाड आणि स्नायू भरून यायला तुला प्रथिनं हवीत. उतारवयात रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात, आजारातून उठताना थोडी जास्तच. तुझ्या ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. चहा आणि टोस्टवर दिवस काढलास तर त्याच्या निम्मीही होत नाहीत. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक खाण्यात दूध-दही, कडधान्य, अंडं किंवा मासे यांतलं काहीतरी हवंच. भूक नसेल तर थोडं थोडं, पण वगळायचं नाही. फिजिओथेरपिस्टने तुला कसं चालवलं आठव: ताप आला तेव्हा व्यायाम बंद होता, ताप उतरला तशी तू पुन्हा वॉकर धरलास. तेव्हा कोणी म्हणालं नाही की आधीची पावलं फुकट गेली. जेवणाचंही तसंच धर.

तुझी शुगर सीमेवर आहे म्हणून तुला भीती वाटते, त्याबद्दलही सांगते. अमेरिकेत तुझ्यासारख्याच, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांचा मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांनी खाणं सुधारलं, आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम केला आणि थोडं वजन उतरवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी! पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. त्या लोकांचं उतरलेलं बरंचसं वजन पुढच्या वर्षांत परत वाढलं. तरीही दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होतं. घसरलेल्यांच्या हिशेबातही काहीतरी उरलं होतं, आणि थोडंथोडकं नाही. त्यांना जे १६ पाठ शिकवले त्यांतला एक अख्खा पाठ घसरण झाल्यावर पुन्हा सावरण्याबद्दल होता. शिकवणाऱ्यांनी हे होणारच असं आधीपासून धरलेलं होतं.

मला हे सगळं लिहावंसं वाटलं कारण तुम्ही दोघंही एकमेकांसमोर अपराध्यासारखे वागताय. बाबांना वाटतं त्यांनी निग्रह सोडला, आईला वाटतं तिने घर सोडलं. या महिन्यांत बाबांनी आईला उचललं, बसवलं, रात्र रात्र जागले. आईने न रडता व्यायाम केला. त्यात जेवणाकडे दुर्लक्ष झालं. तुम्ही दोघंही किती थकला होतात ते मी पाहिलंय, आणि मला तुमचा अभिमान वाटतो, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते.

तर आता एवढंच करा. आज रात्री दोघांनी वेळेवर, शेजारी बसून जेवा. अर्धं ताट भाजीचं, त्यात काहीतरी प्रथिनांचं, आणि बाकी थोडं. जेवल्यावर बाबांनी घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारायच्या, आईने वॉकरवर जमेल तेवढंच. बाकीचं वेळापत्रक, गोड किती, बिस्किटं ठेवायची की नाही, हे मी आले की बसून ठरवू. आत्ता सगळं एकदम बदलायला जाऊ नका.

आणि बाबा, उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे डॉक्टरांना फोन. रात्रीचं जेवण सोडत होतो हे त्यांना स्पष्ट सांगा, लपवू नका, आणि गोळी तशीच चालू ठेवायची का ते विचारा. ते काय म्हणाले ते मला लगेच कळवा. मी मीटिंगमध्ये असले तरी फोन उचलेन.

तुमची,
धाकटी