सायकलींच्या गल्लीतलं मैदान

बोस्टन, १२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,

मागच्या पत्रात विचारलंस, इथलं बेसबॉलचं मैदान फेनवे पार्क बघितलं का. बघितलं रे, पण तिकिटाच्या किमतीने जीव गेला. त्याहून जास्त मन रमलं ते आता नसलेल्या मैदानात. माझ्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या आवारात, इमारतींमधल्या गल्लीत साय यंग या जुन्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, पुतळा आहे. वाकून समोर रोखून बघणारा. समोर साठेक फुटांवर जमिनीत होम प्लेटची, म्हणजे फलंदाजाच्या जागेची, खूण. तिच्या शेजारी सायकली लावलेल्या!

इथेच १९०१ मध्ये हंटिंग्टन ॲव्हेन्यू ग्राउंड्स उभं राहिलं, बोस्टनच्या रेड सॉक्स संघाचं पहिलं घर. तेव्हा त्यांना 'अमेरिकन्स' म्हणत. रेड सॉक्स हे नाव १९०८ पासूनचं. जागा मुळात सर्कसच्या तंबूंची. त्यामुळे मैदानात वाळूचे पट्टे राहिले होते, गवत धरायचंच नाही. आणि सेंटर फील्डमध्ये, म्हणजे फलंदाजाच्या समोरच्या दूरच्या भागात, अवजारांची खोली, चक्क खेळाच्या हद्दीत! आपल्या मैदानातल्या चिंचेची आठवण झाली बघ. पुढे सेंटरची हद्द ६३५ फुटांपर्यंत गेली. त्यात आपल्या क्रिकेटच्या दोन सीमारेषा मावतील.

रुळांपलीकडेच दुसऱ्या लीगच्या संघाचं मैदान होतं. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर दोन संघ.

पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली मालिका, १९०३ ला याच लाकडी मैदानात सुरू झाली. पिट्सबर्गने साय यंगलाच धुतला, ७-३. पण आठव्या सामन्याअखेर मालिका बोस्टनची, ५-३. माणसं मावेनात म्हणून आऊटफिल्डमध्ये दोरी बांधून उभी केली होती. चेंडू गर्दीत गेला की फलंदाजाला ठरलेले बेस, म्हणजे धावायचे टप्पे, मिळायचे. बंगल्यात गेला की आऊट, हा आपला नियम आठवतो ना? तसंच.

पुढच्याच वर्षी, ५ मे १९०४ ला, यंगने फिलाडेल्फियाच्या २७ पैकी एकाही फलंदाजाला पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. शेवटचा फलंदाज कोण, तर त्यांचाच पिचर रूब वॉडेल. मला तर हेच सगळ्यात गोड वाटतं.

१९१२ ला संघ मैलभरही लांब नसलेल्या फेनवेत गेला आणि हे मैदान पाडलं.

काल संध्याकाळी कोणी नाही बघून मी त्या प्लेटवर छत्री धरून उभा राहिलो. पावसाळी अंधार, समोर साय यंग. एक मुलगी सायकल सोडवायला आली आणि म्हणाली, "एक्स्क्यूज मी." बाजूला झालो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अन्या